पादरीबाबाला हळदीचं आवतण

पनवेलच्या माणसाकडे पाहुणा आला की तो त्याला कर्नाळ्याला नेतो. पक्षी दिसले नाहीत तर सुळका दाखवतो, सुळका ढगात असला तर परतीच्या वाटेवर वडापाव खायला घालतो आणि पाहुणचार उरकतो. मीही आयुष्यभर हेच करत आले. शाळेत पोरांना भूगोल शिकवला, जगातली पठारं आणि नद्या पाठ करून घेतल्या, पण घरापासून तासाभरावर, खाडीपलीकडच्या एका टेकडीवर, पोर्तुगीज पाद्र्यांच्या जुन्या मठाचे अवशेष उभे आहेत हे मला निवृत्त झाल्यावर कळलं. ज्यांनी ते पाहिलेले नाहीत त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. गावाचं नाव मुद्दाम देत नाही. तिथल्या माणसांना अजून तिथेच राहायचं आहे.

खाडीपलीकडे

मला तिथे नेलं हिरामावशीने. ती माझ्या दारावर मीठ घेऊन यायची तेव्हापासूनची ओळख. पुढे त्यांच्या जमिनी गेल्या, बंगला आला, दारात दोन डंपर उभे राहिले, पण मावशीचं येणं सुटलं नाही. आता ती मुलाच्या गाडीतून येते, चहा मात्र पूर्वीसारखाच बशीत ओतून पिते. या वैशाखात आली ती धाकट्या मुलाची, नितेशची, लग्नपत्रिका घेऊन. पत्रिका दिली, चहा झाला, तरी उठेना.

"बाय, हळदीच्या आदल्या दिशी येशील काय आमच्याकडं? तुझ्याशी काम हाय."

काम असं होतं. मावशीच्या घरात लग्न निघालं की गावदेवीला पत्रिका जाते, कुलदैवताला जाते, आणि हळद लागायच्या आत एक पत्रिका टेकडीवरच्या मठातल्या पादरीबाबालाही जाते. मावशीच्या सासऱ्यांचा कोणी पूर्वज मठात मीठ पोचवायचा. त्याच्या लग्नाला मठातला एक पाद्री खाली उतरून आला, मांडवात बसून जेवला, आणि लढाई होऊन पाद्री निघून जाईपर्यंत घरच्या प्रत्येक लग्नाला येत राहिला. तो गेला तरी आवतण चालूच राहिलं. आवतण घरच्या बाईने न्यायचं आणि सोबत परक्या घरची एक बाई हवी, कारण ज्याला बोलवायचं तो परका. आणि सगळ्यात अवघड गोष्ट म्हणजे, घराचा उंबरठा ओलांडल्यापासून मठातल्या दगडापुढे सूप उतरेपर्यंत दोघींनी तोंडातून एक शब्द काढायचा नाही.

"का?" मी विचारलं.

"त्याची भाषा आपल्याला येत नव्हती, आपली त्याला. मंग बोलून काय करनार? मुक्यानंच जायाचे."

मी घरात हे सांगितलं तेव्हा आमचे हे इतके हसले की त्यांना ठसका लागला. "तू? टेकडी चढेपर्यंत गप्प?" म्हणाले. एवढ्यावरच मी जायचं पक्कं केलं.

जासईच्या पुढच्या रस्त्याचं वर्णन मी करणार नाही. कंटेनरच्या मागे कंटेनर, त्याच्या मागे आमची रिक्षा, आणि ड्रायव्हरच्या तोंडून अखंड शिव्या. पण गावाकडे वळलं की एकदम मिठागरं लागतात. चौकोनी वाफे, त्यांत आटत आलेलं पाणी, बांधावर मिठाचे पांढरे ढीग. मागे क्षितिजावर रंगीत कंटेनरांची चळत आणि बंदरातल्या क्रेन. मी रिक्षा थांबवून फोटो काढायला उतरले आणि चप्पल चिखलात रुतवून परत आले. प्रवासाची सुरुवात नेहमीसारखीच झाली.

मावशीच्या घरी मांडव पडला होता. दारात उंबराची फांदी बांधायची गडबड, कोपऱ्यात डीजेवाल्याची खोकी, आणि ओट्यावर बायका तांदळाच्या भाकऱ्या थापत बसलेल्या. मला पहिलं ताट मिळालं. निवट्यांचं कालवण, जवळ्याची चटणी, वर चुलीवरची भाकरी. निवट्या म्हणजे खाडीच्या चिखलात टुणटुण उड्या मारणारा मासा. त्याचे बाहेर आलेले डोळे ताटातून माझ्याकडे बघत होते. आमच्या घरी पापलेटच्या पुढे मजल गेली नाही, पण इथे मी दोनदा वाढून घेतलं.

जेवताना माझी नजर समोरच्या भिंतीवर गेली. हार घातलेला एका तरुणाचा फोटो होता. मावशीचा थोरला, महेश. तो गेल्याचं मला माहीत होतं, कसा ते कधी विचारलं नव्हतं.

"ह्याचं लगीन पनवेलला हॉलवर केलं," मावशी आपणहून म्हणाली. "घाईत केलं. आवतण राहून गेलं. मी बोलत व्हते सगल्यांना, कोनी ऐकलं नाय. त्याच साली उरनच्या रस्त्यावर कंटेनरखाली गेला."

मी काहीतरी म्हणणार होते. अपघात रोज होतात, त्याचा आणि दगडाचा काय संबंध, असं काहीसं. शाळेत तीस-चाळीस पोरांसमोर मी ते ठामपणे म्हटलंही असतं. पण मावशी माझ्या ताटात अजून एक भाकरी टाकत होती. मी ती मोडून खाऊ लागले.

"मी नाय बोलत त्याच्यामुलं झालं," ती म्हणाली. "पन ह्या पोराच्या वेलेला मी चुकनार नाय."

नितेश तेवढ्यात आत आला. गोरापान, दाढी कोरलेली, गळ्यात जाड साखळी. मावशीने त्याला विचारलं, "मॅनेजरला सांगितलंस ना रं?"

इथे सांगायला हवं की त्या टेकडीची मागची बाजू दगडखाणीने अर्धी खाल्ली आहे. गावात तिला क्वारी म्हणतात. तिथे रोज सुरुंगाचा बार उडतो, आणि तिथला दगड वाहून नेणाऱ्या डंपरांत नितेशचे दोन डंपर आहेत. बार उडायच्या आधी शिट्टी वाजते, माणूस लाल बावटा घेऊन वर ओरडतो, कोणी नाही याची खात्री करतो आणि मग उडवतात. दगड पार मठाच्या भिंतीपर्यंत येऊन पडतात.

"सांगतो, आये," नितेश म्हणाला. "उद्या दुपारपरत बार नाय उडवनार." आणि मान खाजवत बाहेर गेला.

टेकडी

सकाळी उन्हाच्या आत निघायचं ठरलं होतं. पण लग्नघरातलं ठरलेलं कधी वेळेवर होतं? लग्नाची गाणी म्हणणारी धवलारीण उशिरा आली, तिचे धवले गाऊन झाल्याशिवाय उंबर बांधता येईना, उंबर बांधल्याशिवाय आम्हाला निघता येईना. तोवर ऊन डोक्यावर आलं. संध्याकाळी हळद होती, त्याच्या आत सगळं उरकायला हवं होतं.

मावशीने सूप भरलं. पत्रिका, अक्षता, मूठभर मीठ, एक मेणबत्ती आणि एक पाव. नारळ नाही, कुंकू नाही. त्याला जे ठाऊक तेच द्यायचं, असा त्यांचा हिशेब. सुपावर पांढरं फडकं घालून तिने ते डोक्यावर घेतलं आणि मला शेवटचं बजावलं.

"आता ऐक. सूप मधी कुठं टेकवायचं नाय. आणि जिनं तोंड उघाडलं तिनं परत ह्या उंबऱ्यापासून चालायला लागायचं. दुसरीनं तिथंच थांबायचं. कललं?"

"कळलं," मी म्हणाले. तो माझा शेवटचा शब्द. उंबरठा ओलांडला आणि तोंडाला कुलूप लावलं.

माणूस गप्प राहिला की त्याला किती बोलायचं असतं ते कळतं. पहिल्याच वळणावर करवंदांच्या जाळीत काळी करवंदं लगडलेली दिसली, मला ती दाखवायची होती. पुढे पायाखालून सरडा गेला, मला किंचाळायचं होतं. गावातली एक बाई हंडा घेऊन समोरून आली, आमच्याकडे बघून बाजूला सरकली आणि मान खाली घालून उभी राहिली. तिला माहीत होतं. तिने हाकही मारली नाही. आमच्या सोसायटीत एखादीला गप्प जाताना पाहिलं तर चार खिडक्यांतून विचारतील, काय गं, भांडण झालं का?

वाट दगडगोट्यांची, उभी. मावशीचे गुडघे दुखरे. एका हाताने सूप, दुसऱ्या हाताने झाडं धरत ती चढत होती आणि दर थोड्या वेळाने थांबून श्वास घेत होती. मला हात द्यावासा वाटे, पण सूप डोलेल या भीतीने मी मागेच राहिले. वारा अजिबात नव्हता. घामाने माझा चष्मा घसरत होता.

मग एकदम झाडी संपली आणि मठ दिसला.

मी भग्न वास्तू बऱ्याच पाहिल्या आहेत, पण ही बघून मी जागीच उभी राहिले. काळ्या दगडाच्या, चुन्याने सांधलेल्या जाडजूड भिंती. छप्पर नाहीच, त्याच्या जागी आभाळ. समोर एक उंच कमान, एकटीच, तिच्या डोक्यावर उंबराचं झाड वाढलेलं आणि त्याच्या मुळ्या दोन्ही बाजूंनी खांबांना घट्ट धरून खाली उतरलेल्या. झाड काढलं तर कमान पडेल आणि कमान पडली तर झाड. आत जिथे पाद्री गुडघे टेकून बसत असतील तिथे कमरेएवढं वाळकं गवत. डाव्या हाताला पाण्याचं टाकं, तळाशी हिरवट पाणी. भिंतीला ओळीने छोट्या खोल्यांचे दरवाजे, एवढे बुटके की वाकूनच आत जावं. समोरच्या भिंतीच्या खिडकीतून खाडी आणि मिठागरं दिसत होती. इथे बसून त्या माणसांना आपल्या देशाची किती आठवण येत असेल असं वाटलं.

उजव्या हाताला मात्र काही नव्हतं. भिंतीपासून थोड्याच अंतरावर टेकडी संपत होती. सरळ कापलेली, ताजी, पिवळसर. खालून यंत्राचा घरघराट येत होता, आणि आम्ही ऐकत असतानाच तो थांबला.

मावशी कमानीकडे निघाली. पादरीबाबाचा दगड आत, पलीकडच्या टोकाला होता. आणि तेव्हा खालून शिट्टी वाजली.

लांब, चिरकी शिट्टी. मी मावशीचा पदर ओढला आणि खाणीकडे बोट दाखवलं. तिने मान हलवली. एका हाताने हवेत नितेशच्या कोरलेल्या दाढीची रेघ काढली, मग हात आडवा फिरवला. म्हणजे नितेशने सांगितलंय, काळजी नको. ती पुढे चालू लागली.

दुसरी शिट्टी. मग खालून माणसाची हाक.

"ऊपर कोई है क्याऽऽ? कोई हैऽऽ?"

आवाज कड्यावर आपटून परत येत होता. ही एवढी हाक मारून तो थांबणार, उत्तर आलं नाही की खाली खूण करणार. मी मावशीच्या पुढे जाऊन उभी राहिले आणि दोन्ही हात जोडले. बोलू का, असं डोळ्यांनी विचारलं. तिने बोट ओठांवर ठेवलं. तिच्या डोळ्यांत मला भीती दिसली, पण ती सुरुंगाची नव्हती. भिंतीवरच्या फोटोतल्या मुलाची होती. हळद तोंडावर आली होती आणि या मुलाच्या वेळेला तिला चुकायचं नव्हतं.

"कोई है तो बोलोऽऽ!"

मला आजही ते क्षण जसेच्या तसे आठवतात. बोलले तर या बाईचं सगळं मोडणार. नाही बोलले तर आम्ही दोघीही मोडणार. आणि समजा मी बोलले आणि उद्या त्या पोराला खरोखरच काही झालं तर? होय, माझ्या मनात हेही आलं. जन्मभर विज्ञानाच्या गोष्टी केल्या, तरी आलं. मावशीने तोवर कमानीत पाऊल टाकलं होतं.

मी तोंड उघडलं तर आधी आवाजच फुटेना. मग फुटला तो असा की उंबरातले पोपट उडाले.

"थांबाऽऽ! आम्ही आहोत! रुको, रुकोऽऽ! हम है ऊपर!"

मावशीने गर्रकन वळून माझ्या तोंडावर हात दाबला. फार उशीर झाला होता.

उंबरठा

खालून एक माणूस धापा टाकत वर आला. हातात लाल बावटा, अंगात धुळीने पांढरा पडलेला शर्ट. आम्हाला बघून तो मटकन खाली बसला आणि कपाळावर हात मारून घेतला.

"माताजी, मर जाते आप लोग! पाँच मिनट और होता तो... इतना चिल्लाया मैं, जवाब क्यों नहीं दिया?"

मावशीच्या ओठांची घडी तशीच. सूप डोक्यावर. मी त्याला माझ्या मोडक्यातोडक्या हिंदीत समजावलं. हे आवतण, हा नेम, आणि ही नितेशची आई. नितेशने सांगितलं होतं ना तुमच्या मॅनेजरला?

"नितेश भाई की माँ?" तो बुचकळ्यात पडला. "उन्होंने तो कुछ नहीं बोला। कल शाम को ऑफिस में बैठे थे, सबको शादी का न्योता दे रहे थे। ऊपर पूजा है, ये बात नहीं निकली।"

मावशीने हे ऐकलं. तिला हिंदी चांगली कळते. कमानीच्या पायाशी एक घडीव दगड पडला होता त्यावर ती हळूच बसली, एका हाताने सूप सावरून. मला वाटलं आता ती रडेल. तिने माझ्याकडे बघितलं आणि खाली गावाकडे बोट केलं.

मी तोंड उघडलं होतं, म्हणून मी परत उंबऱ्यापर्यंत जायचं, आणि ती इथे थांबणार.

मला राग आला, खरं सांगते. वैशाखातली दुपार, माझं वय, माझे गुडघे, आणि मी जीव वाचवलेला. पण तिच्या वयाची बाई सूप डोक्यावर धरून उन्हात बसणार होती, मग मी कुठल्या तोंडाने नाही म्हणणार? बावटेवाल्याला विचारलं, तेवढा वेळ थांबाल का? तो म्हणाला, "मैनेजर गाली देगा। देने दो।" मग त्याने बावट्याची काठी दोन दगडांत खोचली आणि लाल कापड मावशीच्या डोक्यावर सावली पडेल असं ताणून धरलं.

मी उतरले. एकदा घसरून पडले, कोपर सोललं. मांडवाच्या मागच्या बाजूने घराकडे आले, उंबऱ्याला हात लावला, पाय ठेवला आणि पुन्हा तोंड मिटलं. तेवढ्यात नितेश बाहेर आला. हळदीसाठी आणलेला नवा बनियन अंगात, हातात फोन.

मला एकटीला बघून तो थबकला.

"बाय? आय कुठं हाय?"

माझ्या साडीला माती, कोपरातून रक्त.

"आय कुठं हाय म्हनतो मी! काय झालं? बार उडाला काय?"

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. मी हाताने खूण करून सगळं ठीक आहे असं सांगू शकले असते. मी फक्त टेकडीकडे बोट दाखवलं आणि चालू लागले. नेम होताच, पण खरं कारण ते नव्हतं. त्याने थोडा वेळ घाबरावं असं मला वाटत होतं. ते चांगलं नव्हतं, तरी वाटत होतं.

तो माझ्या शेजारून अनवाणी पळत गेला. त्याच्या मागे मी, धापा टाकत. वर पोचले तेव्हा तो कमानीपाशी उभा होता आणि त्याची आई लाल बावट्याखाली बसली होती, तशीच. बावटेवाल्याच्या हाताला घाम आला होता. नितेश "आये, आये" एवढंच म्हणत होता. ती त्याच्याकडे बघतही नव्हती. मला बघून ती उठली.

मठ

पादरीबाबा म्हणजे भिंतीतला एक कोरीव दगड. गोल चेहरा, नाक झिजलेलं, दोन्ही बाजूंना पंखांसारखं काहीतरी. त्याच्या खालच्या कट्ट्यावर जुन्या मेणाचे थर साचलेले. मावशीने सूप उतरवलं, मेणबत्ती लावली, पाव आणि मीठ ठेवलं, आणि सुटकेचा एवढा मोठा श्वास सोडला की ज्योत हलली.

मग पत्रिका माझ्या हातात दिली. तिला वाचता येत नाही, ती सोबत आलेल्या बाईने वाचायची.

"मराठीत?" मी विचारलं. "त्याला कळेल?"

"आता शिकला असंल," मावशी म्हणाली.

मी त्या चेहऱ्यासमोर उभी राहून सगळी पत्रिका वाचली. श्री कृपेकरून, वडिलांची नावं, मुहूर्त, जेवणाची वेळ, आणि खाली छोट्या मुलांची ओळही, आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं! वाचताना मला हसू येईल असं वाटलं होतं. आलं नाही.

रीतीप्रमाणे पुढे घरच्या बाईने आपल्या शब्दांत बोलवायचं. नितेश मागे भिंतीला टेकून उभा होता. मावशीने पदर खांद्यावरून घेतला आणि दगडाला म्हणाली, "हळदीला येवाचं. आमचा पोर लाजतो तुला. मी नाय लाजत."

नितेशने मान खाली घातली.

आवतण दिलं की पाहुण्याला बरोबरच घेऊन यायचं असतं. मावशीने भिंतीखाली पडलेला एक चपटा दगड उचलला, फडक्यात गुंडाळून सुपात ठेवला. लग्नभर तो पाटावर बसतो आणि लग्न झालं की पुन्हा तसंच मुक्याने जिथला तिथे पोचवतात. परत येताना बोलायला मोकळीक असते, तरी नितेश आमच्या मागे अंतर ठेवून चालत होता. आम्ही पायथ्याशी पोचलो आणि मागे बार उडाला. पायाखालची जमीन हलली. मावशीने सुपावर हात ठेवला, जसा आपण दचकलेल्या पोराच्या छातीवर ठेवतो.

संध्याकाळी हळद झाली. आगऱ्यांची हळद म्हणजे काय ते पनवेलकरांना सांगायला नको. डीजेने छाती हादरवली, गावभर जेवणावळ, कोळंबीच्या पातेल्यांना तळच दिसेना. पाटावर दगड, त्याच्यापुढे पाव. नितेशला हळद लागली आणि त्याने उठून, सगळ्या मित्रांच्या, क्वारीच्या मॅनेजरच्या देखत, त्या दगडाला हळद लावली. मॅनेजरने विचारलं, हे काय? डीजेमुळे नितेशचं उत्तर मला ऐकू आलं नाही. त्याने ते दोनदा सांगितलं एवढं दिसलं.

पाठवणी

लग्न पार पडलं. मी दोन दिवस घरी येऊन पाय शेकले आणि पाठवणीसाठी पुन्हा गेले. पाहुण्याला बोलवताना सोबत आलेल्या बाईनेच पोचवायलाही यायचं असतं.

पोचले तर नितेश ओट्यावर तयार उभा होता. अनवाणी, डोक्यावर सूप, सुपात दगड. आईचे गुडघे सुजले होते, या वेळी तोच नेणार म्हणाला होता. उंबरठा अजून ओलांडलेला नव्हता, पण त्याने तोंड आधीच मिटलं होतं. खिशात फोन वाजत होता, तो घेत नव्हता. दारात त्याचे दोन्ही डंपर उभे होते, धुतलेले, काचेवर लग्नाचे हार अजून तसेच.

मावशी दाराच्या आत खुर्चीवर बसली होती. बराच वेळ ती मुलाकडे बघत राहिली. तिला बरं वाटत होतं हे दिसत होतं. मग तिने विचारलं, "कुठं ठेवशील त्याला?"

नितेशने हाताने टेकडी दाखवली.

"टेकडी माला म्हाईत हाय. ती मठाची भित किती दिवस हाय, ते सांग. तुला म्हाईत असंल."

तो उभाच राहिला. फोन वाजून थांबला आणि पुन्हा वाजायला लागला. मला वाटलं, नेमाच्या आड लपून हा आता चालू लागेल आणि मलाही मागून जावं लागेल. त्याने एक पाय उचललाही. मग परत ठेवला.

"पावसाल्यानंतर ती बाजू घेनार हायत, आये," तो म्हणाला. "मठासकट. माझेच डंपर लागलेत त्या कामाला."

मी मावशीकडे बघायचं टाळलं.

"मंग ठेव खाली," मावशी म्हणाली.

त्याने सूप उतरवलं. तिने वाकून दगड दोन्ही हातांत घेतला, पाटावर ठेवला, पदराने त्याच्यावरची वाळलेली हळद पुसली, आणि आत बघून नव्या सुनेला हाक मारली.

"अगं, पाव्हन्याला पानी आन."

हातात हिरवा चुडा घातलेली ती पोर तांब्या-भांडं घेऊन लगबगीने बाहेर आली, आणि पाहुणा कुठे दिसेना म्हणून माझ्याकडे बघू लागली. मी पाटाकडे बोट दाखवलं.